उतारा आणि शेत: थेट जोडलेल्या डिस्कची फाइल करताना

31 ऑक्टोबर 2022 रोजी ग्रेटर नोएडात 'योट्टा डी-1' या डेटा सेंटरचं उद्घाटन झालं. मुंबईच्या हिरानंदानी समूहाचं हे केंद्र. 5,000 रॅकची जागा आणि 28.8 मेगावॅटची क्षमता असे त्याचे आकडे वर्तमानपत्रांत झळकले. पुरता महिनाही झाला नसेल, तोच 23 नोव्हेंबरला दिल्लीच्या 'एम्स'मधले सर्व्हर रॅन्समवेअरच्या तावडीत सापडले. सरकारने पुढे संसदेत माहिती दिली, की पाच सर्व्हरना झळ बसली आणि सुमारे 1.3 टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली. सुमारे दोन आठवडे ओपीडीच्या नोंदणीपासून तपासण्यांच्या अहवालांपर्यंतची कामं हाताने, कागदावर चालली. 'ई-हॉस्पिटल'ची माहिती परत मिळाली ती हल्ल्यातून सुटलेल्या एका बॅकअप सर्व्हरमुळे.

डेटा ठेवायला जागा हवी तर पैसे मोजून मिळते. वेळ आली की परत उभा राहील असा डेटा मात्र एकेका डिस्कपाशी जाऊन, तिची प्रत निघते का हे बघून तयार करावा लागतो. इथे अशाच एका डिस्कबद्दल बोलायचं आहे. दिल्ली, नोएडा, गुरुग्रामच्या सर्व्हर रूममध्ये ती वर्षानुवर्षं मुकाट काम करते आणि प्रती काढायच्या वेळी नेमकी निसटते. तिचं नाव आरडीएम, म्हणजे रॉ डिव्हाइस मॅपिंग.

यंत्राची फाइल होते तेव्हा

एका दणकट सर्व्हरवर अनेक आभासी संगणक चालवायचे, ही कल्पना जुनी आहे. आयबीएमने 1972 साली जाहीर केलेल्या व्हीएम/370 मध्ये ती बाजारात आली होती. साध्या इंटेल सर्व्हरवर ती रुळवली व्हीएमवेअरने. कंपनी 1998 ची, तिचं सर्व्हरसाठीचं उत्पादन ईएसएक्स 2001 चं. खाली हायपरव्हायझर नावाचा पातळ थर असतो आणि त्याच्यावर दहा-वीस-तीस व्हीएम, म्हणजे आभासी यंत्रं. प्रत्येकाला वाटतं की प्रोसेसर, मेमरी, डिस्क सगळं आपलं एकट्याचं आहे.

प्रत्यक्षात त्या व्हीएमची 'डिस्क' म्हणजे सामायिक साठ्यावरची एक मोठी फाइल असते. व्हीएमवेअरच्या जगात तिला व्हीएमडीके म्हणतात. आतलं विंडोज किंवा लिनक्स तिच्यावर पार्टिशन पाडतं, ड्राइव्हला अक्षरं देतं, डेटाबेस ठेवतं. बाहेरून पाहणाऱ्या हायपरव्हायझरच्या लेखी मात्र ती एक फाइल. फाइल कॉपी करता येते. एका साठ्यावरून दुसऱ्यावर नेता येते. तिचा स्नॅपशॉट काढून, अपडेट फसला तर दहा मिनिटांपूर्वीच्या स्थितीवर परतता येतं. व्हर्च्युअलायझेशनची अर्ध्याहून अधिक सोय या एका गोष्टीतून येते. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने, म्हणजे एनआयसीने, 2014 साली सुरू केलेल्या सरकारी 'मेघराज' क्लाउडपासून गुरुग्रामच्या एखाद्या मध्यम कंपनीच्या तीन होस्टच्या, म्हणजे व्हीएम चालवणाऱ्या तीन सर्व्हरच्या, क्लस्टरपर्यंत पाया हाच.

आरडीएम हा या पायाला केलेला अपवाद. इथे व्हीएमला फाइल मिळत नाही. सॅनवरची, म्हणजे मध्यवर्ती स्टोरेजवरची, एक अख्खी लन तिला थेट जोडून दिली जाते. लन म्हणजे स्टोरेजच्या पेटीतून कापून दिलेला डिस्कचा तुकडा. डेटास्टोअरवर, म्हणजे व्हीएमच्या फाइली ठेवायच्या सामायिक साठ्यावर, तिच्या नावाची एक छोटी फाइल दिसते खरी, पण ती नुसती खूण आहे. सातबाऱ्याच्या उताऱ्यासारखी: गट नंबर, क्षेत्र, मालक सगळं कागदावर आहे, शेत मात्र गावाबाहेर. फाइलींच्या यादीत ही खूण 500 जीबीची दिसते, आणि तिने प्रत्यक्ष किती जागा व्यापली हे तपासलं तर जवळजवळ शून्य येतं. नवशिक्या इंजिनिअरचा पहिला गोंधळ होतो तो इथेच.

या जोडणीचे दोन प्रकार. 'व्हर्च्युअल मोड'मध्ये लन थेट असली तरी हायपरव्हायझर मध्ये उभा असतो, त्यामुळे स्नॅपशॉट निघतात. 'फिजिकल मोड'मध्ये तो जवळपास बाजूलाच होतो. व्हीएमने दिलेले एससीएसआय हुकूम, 'रिपोर्ट लन्स' हा एक वगळता, जसेच्या तसे स्टोरेजकडे जातात. मग स्नॅपशॉट नाही, आणि स्नॅपशॉटवर बेतलेला बॅकअपही नाही.

अपवाद कशासाठी केले होते

आज एखाद्या जुन्या सेटअपमध्ये वीस आरडीएम सापडले, की तरुण ॲडमिन म्हणतो, 'हे कोणी करून ठेवलंय?' ज्याने केलं, त्याच्यापाशी त्या काळी चोख कारणं होती.

पहिलं कारण वेगाचं. फाइलचा थर मध्ये आला की डेटाबेस मंदावेल, असं डीबीए, म्हणजे डेटाबेस सांभाळणाऱ्या, मंडळींचं ठाम मत असायचं. व्हीएमवेअरने ईएसएक्स 3.5 च्या काळात स्वतः मोजमापं प्रसिद्ध केली. त्यांत बहुतेक कामांसाठी दोन्हींचा वेग जवळपास सारखाच निघाला. तरी समज टिकून राहिला.

दुसरं आकाराचं. बरीच वर्षं व्हीएमडीके फाइल 2 टेराबाइटच्या वर जात नव्हती. 2011 साली व्हीएमवेअरच्या व्हीस्फिअर या संचाची 5.0 आवृत्ती आली, तेव्हा फिजिकल आरडीएमची मर्यादा 64 टेराबाइटवर गेली, फाइल मात्र 2 टेराबाइटवरच अडकली. त्या दोन वर्षांत ज्याला 5 टेराबाइटचा फाइल सर्व्हर एकाच डिस्कवर हवा होता, त्याला आरडीएमशिवाय गत्यंतर नव्हतं. 2013 च्या 5.5 आवृत्तीत फाइलची मर्यादा 62 टेराबाइट झाली आणि हे कारण संपलं.

तिसरं क्लस्टरचं, आणि हे सर्वांत वजनदार. विंडोजच्या फेलओव्हर क्लस्टरमध्ये दोन सर्व्हर एकच डिस्क वाटून घेतात. एका वेळी मालक कोण, हे ठरवायला ते स्टोरेजवर आरक्षण टाकतात. क्लस्टरच्या व्हीएम वेगवेगळ्या होस्टवर ठेवायच्या, तर हे आरक्षण थेट लनपर्यंत पोहोचायला हवं, म्हणून फिजिकल आरडीएम. अशा क्लस्टरला सामायिक व्हीएमडीके फाइलवर चालायची मुभा मिळाली ती 2020 च्या व्हीस्फिअर 7 मध्ये, आणि तीही अटी घालून.

चौथं कारण परतीच्या वाटेचं. जुन्या फिजिकल सर्व्हरची लन तशीच उचलून व्हीएमला लावली, तर बेत फसल्यावर ती पुन्हा जुन्या सर्व्हरला लावता येते. स्टोरेज कंपन्यांची स्वतःची स्नॅपशॉट आणि रेप्लिकेशनची साधनंही थेट लन मागायची.

कारणं एकेक करून गळत गेली, आरडीएम जागच्या जागी राहिले. सोय म्हणून केलेली गोष्ट चालू राहिली की तिच्या वाटेला कोणी जात नाही, आणि करणारा माणूस नोकरी बदलून नोएडाच्या सेक्टर 62 मधून गुरुग्रामच्या सायबर सिटीत गेलेला असतो.

न दिसणारी किंमत

बॅकअपचं सॉफ्टवेअर रात्री हायपरव्हायझरला सांगून प्रत्येक व्हीएमचा स्नॅपशॉट काढतं आणि प्रत उचलतं. फिजिकल आरडीएमपाशी आलं की ते ती डिस्क वगळून पुढे सरकतं. अहवालात एखादी सूचना उमटते, पण व्हीएमच्या नावापुढे 'यशस्वी' असतं. सी ड्राइव्हची, म्हणजे विंडोजची, प्रत रोज निघते. डेटाबेस असलेल्या ई ड्राइव्हची निघत नाही. त्यासाठी व्हीएमच्या आत वेगळा एजंट बसवावा लागतो, आणि तो बसवला होता की नाही हे संकट आल्यावरच कळतं. ज्या शहराने एम्सचे ते दोन आठवडे पाहिले, तिथे तरी ही सूचना कोणी नजरेआड करू नये.

दुसरी किंमत होस्ट रीबूट केल्यावर दिसते. ईएसएक्सआय, म्हणजे व्हीएमवेअरचा हायपरव्हायझर, चालवणारा होस्ट सुरू होताना समोर दिसणारी प्रत्येक लन चाचपतो. क्लस्टरच्या ज्या लनवर दुसऱ्या होस्टवरच्या व्हीएमचं आरक्षण असतं, तिथे उत्तर मिळत नाही. होस्ट वाट बघतो, पुन्हा विचारतो, पुन्हा वाट बघतो. अशा दहा-पंधरा लन असल्या, तर होस्ट उभा राहायला इतका वेळ घेतो की माणसाला वाटावं, अडकला. यावर उपाय आहे: त्या लनवर 'कायम आरक्षित' अशी खूण प्रत्येक होस्टवर करून ठेवायची. पण ती प्रत्येक होस्टवर आठवणीने करावी लागते, नवा होस्ट आला की पुन्हा.

शिवाय प्रत्येक आरडीएम एक लन खातो. बरीच वर्षं एका होस्टला 256 लनचीच मर्यादा होती. आणि जागा वाढवायची म्हटली की व्हीएमवाल्याने स्टोरेजवाल्याला मेल टाकायचा, त्याने पेटीवर लन वाढवायची, मग इकडे रीस्कॅन. फाइल असती, तर एकाच माणसाचं दोन मिनिटांचं काम होतं.

शनिवार रात्रीचं काम

समजा, नोएडातल्या एका कंपनीत हिशेबाच्या सॉफ्टवेअरची विंडोज व्हीएम आहे. तिची ई ड्राइव्ह 2 टेराबाइटचा फिजिकल आरडीएम. क्लस्टर नाही, व्हीएम एकटीच. तिची फाइल करायची आहे. शनिवारी रात्री दहा ते रविवारी सकाळी सहा अशी चेंज विंडो मिळाली.

खरं काम आदल्या आठवड्यात होतं. कोणत्या व्हीएमला कोणती लन, तिचा 'एनएए'ने सुरू होणारा लांबलचक क्रमांक, मोड कोणता, कंट्रोलरच्या कोणत्या घरात लावली आहे (समजा, एससीएसआय 1:0), विंडोजमध्ये तिचं अक्षर कोणतं, ती आणखी कोणाला दिसते का: एवढा तक्ता कागदावर उतरवायचा. व्हीएमला जुने स्नॅपशॉट चिकटलेले नाहीत ना, ते बघायचं. नव्या डेटास्टोअरवर 2 टेराबाइट मावून वर श्वास घ्यायला जागा आहे ना, तेही. आणि डेटाबेसचा पूर्ण बॅकअप घेऊन तो दुसऱ्या एखाद्या सर्व्हरवर एकदा उभा करून पाहायचा. उभा करून न पाहिलेल्या बॅकअपवर विसंबून कोणी डिस्क हलवू नये.

वेळेचं गणित साधं आहे. 8 गिगाबिटच्या फायबर चॅनेलमधून आदर्श स्थितीत सेकंदाला सुमारे 800 मेगाबाइट जातात. त्या हिशेबाने 2 टेराबाइटला 42 मिनिटं. पण दुसऱ्या व्हीएमही त्याच वाटेने ये-जा करत असतात. प्रत्यक्षात 200 मेगाबाइट मिळाले, तर 10,000 सेकंद, म्हणजे पावणेतीन तास. एरवी एकाच पेटीतल्या कॉपीचं काम होस्ट स्टोरेजवरच सोपवू शकतो, त्याने वेळ वाचतो. आरडीएममधून साध्या फाइलमध्ये जाताना ही सोय लागू होत नाही. प्रत्येक बाइट होस्टमधून जातो. हे ठाऊक नसलं की मागच्या वेळच्या वेगावरून अंदाज बांधला जातो आणि पहाटे चारला पट्टी 60 टक्क्यांवर असते.

आता मुख्य कृती. फिजिकल मोडमधल्या डिस्कची चालू व्हीएमवर फाइल करता येत नाही. स्टोरेज व्हीमोशन, म्हणजे व्हीएम चालू असताना तिच्या डिस्क हलवण्याची सोय, इथे नकार देते. म्हणून दोन वाटा. एक, व्हीएम बंद करायची आणि बंद अवस्थेतच स्थलांतर करताना डिस्कचा प्रकार बदलून मागायचा. आरडीएमची फाइल होते. यात डाउनटाइम कॉपी संपेपर्यंतचा. दुसरी वाट दोन टप्प्यांची: व्हीएम बंद करून आरडीएम काढायचा, तीच लन त्याच 1:0 घरात व्हर्च्युअल मोडमध्ये पुन्हा लावायची, व्हीएम चालू करायची आणि मग स्टोरेज व्हीमोशन करायचं. डाउनटाइम मिनिटांचा, कॉपी चालू कामातच होते. 2011 पासून स्टोरेज व्हीमोशन कॉपी चालू असतानाचं प्रत्येक नवं लेखन दोन्हीकडे एकदम करतं, त्यामुळे शेवटचा बदल मागे राहायची भीती नाही.

दुसऱ्या वाटेवर छातीत धस्स होईल असा एक क्षण आहे. आरडीएम काढताना पडद्यावर विचारणा येते, 'फाइलही डेटास्टोअरवरून पुसायची का?' 2 टेराबाइटच्या हिशेबापुढे 'पुसा' म्हणायला हात धजत नाही. पण पुसला जातो तो उतारा. शेताला, म्हणजे लनवरच्या माहितीला, धक्का लागत नाही. फक्त आपण पुसतोय ती खूणच आहे, साधी व्हीएमडीके नाही, याची खात्री आधीच्या तक्त्यावरून करून घ्यायची. तक्त्याचा खरा उपयोग इथे.

याच्या उलट घोटाळा स्टोरेज व्हीमोशनच्या वेळी होतो. तिथे डिस्कचा प्रकार निवडायचा असतो: 'थिक', 'थिन' किंवा 'मुळाप्रमाणेच'. घाईत 'मुळाप्रमाणेच' राहिलं, तर काम अर्ध्या मिनिटात 'पूर्ण' होतं आणि सगळे खूश होतात. हललेला असतो तो नुसता उतारा. लन तिथेच, आरडीएम तसाच. 2 टेराबाइट अर्ध्या मिनिटात हलत नाहीत, एवढी शंका त्या क्षणी यायला हवी.

थिन की थिक? थिक फाइल सगळी जागा आधीच घेते; थिन वापराप्रमाणे वाढते, जागा वाचते. पण डेटास्टोअर भरला तर त्याच्यावरच्या सगळ्याच थिन व्हीएमना नवी जागा मिळेनाशी होते. डेटास्टोअरवर रोज लक्ष ठेवणारं कोणी असेल तर थिन घ्यावं. नसेल तर डेटाबेसला थिक बरं.

कॉपीनंतरची सकाळ

बाइट पोहोचले म्हणजे काम झालं असं नाही. डिस्कच्या आतली माहिती तीच असते, पण डिस्कची बाहेरची ओळख, तिचा अनुक्रमांक, बदललेला असतो. विंडोज कधी कधी ती डिस्क 'ऑफलाइन' दाखवतं. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन ती ऑनलाइन करावी लागते आणि अक्षर ई आहे ना, ते बघावं लागतं. लिनक्सवर फाइल सिस्टिमचा यूयूआयडी आतच लिहिलेला असल्याने त्याच्या आधारे जोडलेल्या डिस्क सुखरूप येतात. डिस्कच्या अनुक्रमांकावरून ओळखणारे नियम मात्र मोडतात. ओरॅकलच्या एएसएम या डिस्क-व्यवस्थेसाठी असे नियम हौसेने लिहिलेले असतात. तिथे डीबीएला रात्री जागं ठेवणं भाग आहे.

मग डेटाबेस सुरू करायचा, त्याची सुसंगतता तपासायची, हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये जाऊन एक जुनी आणि एक नवी नोंद उघडून बघायची, आणि त्याच दिवशी नव्या डिस्कसह पहिला बॅकअप घ्यायचा. या बॅकअपच्या अहवालात ई ड्राइव्हचा आकार दिसला, की एवढा खटाटोप कशासाठी केला ते वरिष्ठांना वेगळं सांगावं लागत नाही.

जुन्या लनचं काय? ती लगेच परत देऊ नये. व्हीएमपासून सोडवलेली, पण शाबूत, अशी दोन आठवडे तरी राहू द्यावी. महिनाअखेरचा हिशेब मध्ये येत असेल, तर तो पार पडेपर्यंत. देताना क्रम पाळावा: आधी प्रत्येक होस्टवरून ती 'डिटॅच' करायची, मग स्टोरेजवाल्याने पेटीवरून काढायची, मग रीस्कॅन. उलटं केलं, म्हणजे पेटीवरून एकदम ओढून घेतली, तर होस्टला वाटतं की साऱ्या वाटा तात्पुरत्या तुटल्या आहेत. तो नसलेल्या लनला हाका मारत बसतो आणि त्याच्यावरच्या, या लनशी संबंध नसलेल्या व्हीएमचाही खोळंबा होतो.

जिथे हात लावू नये

सगळेच आरडीएम काढायचे असा चंगही बांधू नये. विंडोज क्लस्टरच्या सामायिक डिस्क फाइलमध्ये आणता येतात, पण अटी आहेत: व्हीस्फिअर 7 किंवा पुढचं, व्हीएमवेअरच्या व्हीएमएफएस-6 फाइल सिस्टिमचं डेटास्टोअर आणि त्याच्यावर या कामाची खास परवानगी, डिस्क आधीच पूर्ण शून्य भरून तयार केलेली. शिवाय रूपांतराच्या वेळी क्लस्टरचे सगळे सर्व्हर बंद. आणि एवढं करून त्या सामायिक फाइलचा स्नॅपशॉट निघत नाही, स्टोरेज व्हीमोशनही होत नाही. ज्या दोन सोयींसाठी निघालो, त्याच हाती लागत नाहीत. अशा ठिकाणी सामायिक डिस्क लागतच नाही अशी डेटाबेसची रचना, म्हणजे प्रत्येक सर्व्हरची स्वतःची प्रत, अधिक शहाणपणाची ठरते; पण तो निर्णय डीबीएचा आणि परवान्याच्या खर्चाचा.

अलीकडे या कामाला नवी निकड आली आहे. नोव्हेंबर 2023 मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर विकत घेतली आणि पुढच्याच महिन्यात कायमस्वरूपी परवाने विकणं थांबलं. तेव्हापासून दुसऱ्या हायपरव्हायझरवर जायचा विचार अनेक कंपन्या करू लागल्या. व्हीएमडीके फाइल असेल, तर क्यूईएमयू-इमेज हे मोफत साधन तिचं रूपांतर केव्हीएमच्या क्यूकाऊ-2 मध्ये किंवा हायपर-व्हीच्या व्हीएचडीएक्समध्ये करून देतं. आरडीएमची खूण व्हीएमवेअरच्या बाहेर कोणी ओळखत नाही. म्हणजे घर बदलायचं की नाही हे ठरायच्या आधीच जमतील तेवढे आरडीएम फाइलमध्ये आणून ठेवणं फायद्याचं. राहायचं ठरलं तरी ते वाया जात नाही.

आणि जे आरडीएम ठेवायचे, त्यांच्यापुढे व्हीएमच्या 'नोट्स'च्या चौकटीत तीन ओळी लिहाव्यात: का ठेवला, त्याचा बॅकअप कशाने होतो, आणि पुन्हा विचार कधी करायचा. 2013 मध्ये 62 टेराबाइटची मर्यादा आली, तेव्हा या तीन ओळी लिहिलेल्या असत्या, तर आज शोधावे लागणारे निम्मे आरडीएम त्याच वर्षी निघाले असते.